नव्या इलेक्ट्रोड पदार्थांचे संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची बॅटरी-संशोधनाची लहान प्रयोगशाळा आहे. ठाणे, ऐरोली, वाशी आणि पनवेलकडच्या महाविद्यालयांतून एम.एस्सी.चे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी येथे प्रकल्पासाठी येतात, कधी त्यांचे पालक येतात, आणि खालच्या चहाच्या टपरीवर शेजारच्या गाळ्यांतले कारखानदारही तेच प्रश्न विचारतात. दरवेळी तोंडी उत्तरे देण्याऐवजी ती येथे लिहून ठेवली आहेत. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत. ज्या ठिकाणी नवख्यांचे महिने वाया जाताना आम्ही पाहिले आहेत, तेथे अधिक लिहिले आहे.

इलेक्ट्रोड पदार्थ म्हणजे बॅटरीतला नेमका कोणता भाग?

अळूच्या पानावर बेसन लावून, पानावर पान ठेवून वळकटी करतात, तशीच काहीशी रचना दंडगोल लिथियम-आयन सेलच्या आत असते. एक पान ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, दुसरे तांब्याच्या पत्र्याचे, दोन्ही कागदाहून पातळ. मधोमध सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा, म्हणजे सेपरेटर. आणि सगळ्यात मुरलेले द्रव इलेक्ट्रोलाइट. पत्र्यांवर जो काळा लेप दिलेला असतो, त्यातली मुख्य भुकटी म्हणजे इलेक्ट्रोड पदार्थ. चार्ज करताना लिथियमचे आयन धन बाजूच्या भुकटीतून निघून ऋण बाजूच्या भुकटीत शिरतात आणि वापरताना परत येतात. किती आयन मावतात, किती वेगाने ये-जा करतात आणि किती वेळा केल्यावर घर मोडते, हे बहुतांशी या दोन भुकट्यांवर ठरते. आमचे काम या भुकट्यांपुरते आहे. सेलचे कवच, चार्जर आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ही वेगळ्या माणसांची क्षेत्रे आहेत.

धनाग्र, ऋणाग्र, ॲनोड, कॅथोड: यांपैकी कोणते शब्द वापरावेत?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, परंतु मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचा येथे हमखास घोळ होतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. शाळेत विद्युत अपघटन शिकताना ॲनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र असे पाठ केलेले असते, आणि तेथे ते बरोबरच असते. मात्र ॲनोडची खरी व्याख्या धन-ऋण चिन्हावरून होत नाही; ज्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण घडते तो ॲनोड. वापरात असलेल्या बॅटरीत ऑक्सिडीकरण ऋण टोकाला घडते, त्यामुळे शाळेतले भाषांतर येथे नेमके उलटे पडते. चार्ज करताना तर क्रिया फिरते आणि व्याख्येप्रमाणे नावेही फिरायला हवीत, पण संशोधक ती फिरवत नाहीत. डिस्चार्जच्या वेळची नावेच कायम ठेवतात. आमच्या वहीत आम्ही 'धन इलेक्ट्रोड' आणि 'ऋण इलेक्ट्रोड' एवढेच लिहितो. एका प्रकल्प-अहवालात 'कॅथोड'चे सर्वत्र 'ऋणाग्र' केल्यामुळे ग्रॅफाइट आणि लिथियम कोबाल्ट ऑक्साइड यांच्या जागांची अदलाबदल झाली होती आणि परीक्षकांच्या हाती जाईपर्यंत ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

लिथियम-आयन बॅटरी उत्तम चालत असताना नवे पदार्थ कशासाठी?

आज जी चालते आहे तीसुद्धा एकेकाळच्या नव्या पदार्थांनीच घडलेली आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियम शिरते आणि परत निघते हे दाखवले, परंतु त्यांच्या घटात समोर लिथियम धातू होता आणि तो धोकादायक ठरत होता. जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये ऑक्सफर्डला लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणले आणि घटाचा दाब जवळजवळ ४ व्होल्टपर्यंत गेला. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूऐवजी पेट्रोलियम कोक वापरला, आणि १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

यानंतरही शोध थांबला नाही, कारण कोबाल्ट महाग आहे आणि जगातला बहुतेक कोबाल्ट एकट्या काँगोच्या खाणींतून येतो. लिथियम आयर्न फॉस्फेट हा आजच्या अनेक विजेच्या रिक्षांत, बसगाड्यांत आणि घरगुती इन्व्हर्टरमध्ये वापरला जाणारा पदार्थ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुडइनफ यांच्याच टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत, अक्षय पाधी या भारतीय विद्यार्थ्याच्या कामातून पुढे आला. त्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही, लोखंड आहे. सुरुवातीला तो वीजवहनात इतका मंद होता की अनेकांनी त्याला मोडीत काढले होते. पुढे त्याच्या कणांवर कार्बनचा पातळ मुलामा चढवला आणि कण बारीक केले, तेव्हा तो चालू लागला. नवा पदार्थ पहिल्या वर्षी हाताला लागत नाही म्हणून टाकून देऊ नये, हे विद्यार्थ्यांना सांगताना आम्हाला हेच उदाहरण पुरते.

सिलिकॉनची क्षमता ग्रॅफाइटच्या जवळजवळ दहापट आहे. मग बॅटरी दहापट का होत नाही?

आकडे खरे आहेत. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे सहा अणू मिळून एक लिथियम धरतात, आणि त्यावरून त्याची सैद्धांतिक क्षमता ३७२ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम येते. सिलिकॉनचे चार अणू पंधरा लिथियम धरतात, म्हणून त्याची क्षमता सुमारे ३,५८० येते. गडबड हिशेबात आहे, आणि तो हिशेब वाण्याच्या तराजूवर होईल इतका सोपा आहे.

समजा आपल्याला १ अँपिअर-तासाचा घट बनवायचा आहे आणि धन इलेक्ट्रोड पदार्थाची क्षमता ग्रॅममागे १८० मिलिअँपिअर-तास आहे. तेव्हा धन बाजूला ५.५६ ग्रॅम भुकटी लागेल आणि ऋण बाजूला २.६९ ग्रॅम ग्रॅफाइट, एकूण ८.२५ ग्रॅम. आता ग्रॅफाइट काढून शुद्ध सिलिकॉन घातले, तर ऋण बाजूला ०.२८ ग्रॅम पुरते, पण धन बाजूचे ५.५६ ग्रॅम हटत नाहीत, एकूण ५.८४ ग्रॅम. दहापट क्षमतेचा पदार्थ आणून भुकटीचे वजन तीस टक्क्यांनीही घटले नाही, आणि त्यात पत्रे, इलेक्ट्रोलाइट, पडदा आणि कवच यांचे वजन अजून धरलेलेच नाही. ग्रॅममागे १,००० क्षमतेचा पदार्थ मिळाला, तरी एकूण ६.५६ ग्रॅम होतात, म्हणजे या फायद्यातला मोठा वाटा १,००० वरच पदरात पडतो. म्हणून ऋण बाजूला ३,००० ची क्षमता मिळाली असे कोणी उत्साहाने सांगू लागले, की आम्ही समोरच्या बाजूला काय आहे ते आधी विचारतो.

दुसरी अडचण फुगण्याची आहे. लिथियमने भरलेले ग्रॅफाइट दहा टक्क्यांच्या आसपास फुगते. सिलिकॉनचे आकारमान मूळच्या जवळजवळ चौपट होते आणि रिकामे होताना पुन्हा आकसते. ऋण इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर चार्ज-डिस्चार्जच्या पहिल्या काही चक्रांत इलेक्ट्रोलाइटचे विघटन होऊन एक थर जमतो, दुधावर साय धरावी तसा. ही साय एकदा नीट धरली, की खालच्या पदार्थाला पुढच्या विघटनापासून वाचवते. सिलिकॉनच्या कणावर मात्र दर चक्रात ती फाटते, उघड्या पडलेल्या जागी नवी साय धरते, आणि प्रत्येक नव्या सायीत थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. यामुळेच बाजारातल्या सेलमध्ये सिलिकॉन किंवा त्याचे ऑक्साइड बहुधा ग्रॅफाइटमध्ये थोड्या प्रमाणात मिसळूनच वापरतात.

सोडियम-आयनविषयी फार ऐकू येते. आपल्याकडे तर मिठागरेच आहेत. मग लिथियमची गरज काय?

भांडुप-मुलुंडकडची आणि उरण पट्ट्यातली मिठागरे पाहत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, आणि त्यातला मूळ मुद्दा योग्य आहे: सोडियम सर्वत्र आणि स्वस्त मिळते. आणखी एक फायदा सहसा सांगितला जात नाही. ऋण बाजूचा पत्रा लिथियमच्या घटात तांब्याचाच घ्यावा लागतो, कारण कमी विभवाला लिथियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू बनवते. सोडियम तसे करत नाही, त्यामुळे दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालते. तांब्याचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

तोटेही तितकेच ठोस आहेत. सोडियमचा अणुभार २३ आणि लिथियमचा ७ च्या आसपास. सोडियमचा आयनही मोठा, त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, लिथियमची ०.७६. सोडियमचे विभव लिथियमपेक्षा सुमारे ०.३ व्होल्टने कमी अनुकूल आहे. सर्वांत मोठी पंचाईत अशी, की ज्या ग्रॅफाइटवर लिथियमचा सारा संसार उभा आहे, त्यात सोडियम नीट शिरतच नाही. म्हणून ऋण बाजूला हार्ड कार्बन लागतो, ज्याचे थर अस्ताव्यस्त असतात आणि मधे सूक्ष्म पोकळ्या असतात. तो नारळाच्या करवंटीपासून, लाकडापासून, साखरेपासूनही बनवता येतो, आणि कोकणाशी नाते असलेला प्रत्येक दुसरा विद्यार्थी करवंटीचाच प्रकल्प घेऊन येतो. आमची हरकत नाही; फक्त करवंटीतले पोटॅशियम आणि इतर क्षार आम्लाने धुऊन काढल्याशिवाय, आणि भट्टी १,००० अंश सेल्सिअसच्या पुढे नेण्याची सोय असल्याशिवाय तो घेऊ नये.

धन बाजूला तीन घराणी आहेत: थरांची ऑक्साइडे, फॉस्फेटसारखे पॉलिअॅनायनी पदार्थ, आणि प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या कुळातले पदार्थ. पहिल्यात क्षमता चांगली आणि हवेशी वैर. दुसऱ्यात टिकाऊपणा, पण वजन जास्त आणि बऱ्याचदा व्हॅनेडियमची गरज. तिसऱ्यात बनवणे स्वस्त, परंतु स्फटिकातले पाणी काढता काढता नाकी नऊ येतात.

भारतात या दिशेने हालचाल आहे. घणसोलीत ज्यांचे कॉर्पोरेट पार्क आहे, त्या रिलायन्सने ब्रिटनमधील फॅरेडियन ही सोडियम-आयन कंपनी विकत घेण्याचा करार २०२१ च्या अखेरीस जाहीर केला, आणि पुण्याच्या केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपनीने आयसर पुणे (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) येथील संशोधकांबरोबरचे आपले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये मांडले. आमच्या मते सोडियमची जागा आधी उभ्या साठवणीत, म्हणजे सौर ऊर्जा, मोबाइल टॉवर, इन्व्हर्टर येथे आहे. जेथे वजनाला किंमत मोजावी लागते, तेथे लिथियम इतक्यात हटणार नाही.

जम्मूत लिथियम सापडले आहे ना?

फेब्रुवारी २०२३ मध्ये रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा अनुमानित साठा असल्याचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कामावरून जाहीर झाले. 'अनुमानित' हा शब्द शोधमोहिमेच्या प्राथमिक टप्प्याचा आहे आणि तो आकडा लिथियम धातूचा नसून खनिजाचा आहे. खाणीपासून बॅटरीच्या दर्जाच्या कार्बोनेटपर्यंतचा रस्ता लांब आहे.

नवा पदार्थ प्रत्यक्षात बनवतात कसा?

भुकटी बनवण्याच्या पद्धती पाठ्यपुस्तकांत सविस्तर आहेत: घन पदार्थ एकत्र घोटून भट्टीत भाजणे, सोल-जेल, हायड्रोथर्मल. त्यावर येथे जागा घालवत नाही. पदार्थ हवा तोच बनला की नाही हे क्ष-किरण विवर्तनाने पाहतात आणि कणांचा आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. आमच्याकडे ही दोन्ही उपकरणे नाहीत. नमुने बाहेर पाठवावे लागतात.

भुकटीपासून लेप बनवणे हे मात्र हाताचे काम आहे आणि ते हातानेच शिकावे लागते. साधारण ८० भाग सक्रिय भुकटी, १० भाग वीजवाहक काजळी आणि १० भाग पीव्हीडीएफ हा बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारे चिकट प्लास्टिक, असे एनएमपी या द्रावकात घोटून स्लरी करतात. ती ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धारदार पट्टीने एकसारखी ओढायची, आणि निर्वात भट्टीत १२० अंशांवर रात्रभर वाळवायची. स्लरी पातळ झाली तर कडा पळतात, घट्ट झाली तर ओरखडे पडतात. चमच्यावरून पडताना तिची धार तुटता कामा नये, पण ती पळताही कामा नये. एनएमपी प्रजननक्षमतेला घातक आहे, म्हणून ते फ्यूम हूडखालीच, म्हणजे वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटातच, आणि योग्य हातमोजे घालूनच हाताळायचे. 'थोडेसेच तर आहे' ही सबब येथे चालत नाही.

नवी मुंबईच्या पावसाळ्यात हे काम होते का?

होते, पण पावसाळा हा आमच्याकडे एक स्वतंत्र सहकारी धरावा लागतो, आणि तो सहकार्य करत नाही. जुलैतल्या ऐन ओल्या दिवशी येथील एक घनमीटर हवेत पंचवीस ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. इलेक्ट्रोलाइटमधला नेहमीचा क्षार, लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट, पाण्याच्या अंशाशीही क्रिया करतो आणि त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. ते आम्ल धन पदार्थातले मँगनीजसारखे धातू विरघळवते. म्हणून सेल जोडण्याचे काम आर्गॉनने भरलेल्या ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे भिंतीत बसवलेल्या हातमोज्यांतून आत काम करायच्या हवाबंद पेटीत होते, जेथे पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही दहा लाखांत एका भागाच्याही खाली ठेवतात. नायट्रोजन स्वस्त असताना आर्गॉन का, असे हिशेबनीस दर वर्षी विचारतात. कारण लिथियम धातू नायट्रोजनशीही क्रिया करतो आणि काळा पडतो.

ग्लव्हबॉक्सच्या आतले सगळे ठीक असते. गाठ पडते ती बाहेर. एका जुलैत आम्ही सोडियमच्या थरांच्या ऑक्साइडची भुकटी दुपारी भट्टीतून काढली आणि बरणी डेसिकेटर या ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात न ठेवता टेबलावरच ठेवून जेवायला गेलो. परत आल्यावर स्लरी घोटायला घेतली, ती पाऊण तासात खरवसासारखी थिजली. भांडे उलटे धरले तरी पडेना. कण हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात, पृष्ठभागावर सोडियमचे हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट तयार होते, आणि त्या अल्कलीने पीव्हीडीएफचे रेणू एकमेकांत गुंततात. पाच दिवसांची भुकटी टाकून द्यावी लागली. तेव्हापासून नियम असा, की भट्टी शंभर अंशांच्या खाली येण्याआधी भुकटी बाहेर काढून गरम असतानाच बंद बरणीत भरायची आणि ती बरणी सरळ ग्लव्हबॉक्सच्या दुहेरी दाराच्या प्रवेशकप्प्यात न्यायची. जून ते सप्टेंबर सोडियमची ऑक्साइडे आम्ही शक्यतो घेतच नाही. त्या दिवसांत फॉस्फेटची कामे काढतो, जी हवेला इतकी घाबरत नाहीत.

क्षमता मोजतात कशी, आणि दोन जणांचे आकडे जुळत का नाहीत?

बहुतेक वेळा चूक रसायनात नसते, वजनकाट्यावर असते. हे एकदा आकड्यांतच पाहावे.

चाचणीसाठी आम्ही सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची सेल वापरतो, घड्याळात किंवा गाडीच्या किल्लीत असते तशी: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. तिच्यात बसणारी लेपाची चकती १४ मिलिमीटर व्यासाची कापली, तर १६ मायक्रोमीटर जाडीच्या कोऱ्या ॲल्युमिनियमच्या चकतीचेच वजन सुमारे ६.७ मिलिग्रॅम भरते. लेपासह वजन ९.५ आले, तर लेप २.८ मिलिग्रॅम, आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे २.२४ मिलिग्रॅम सक्रिय पदार्थ. सगळे संशोधन या सव्वादोन मिलिग्रॅमवर उभे असते. आता कोऱ्या पत्र्याची चकती ठिकठिकाणी ०.२ मिलिग्रॅमने कमी-जास्त भरणे अजिबात अवघड नाही. लेप २.८ ऐवजी चुकून २.६ धरला, की १५० क्षमतेचा पदार्थ कागदावर १६२ चा होतो, ३.० धरला, की १४० चा. एवढ्या फरकावर 'डोपिंगमुळे (पदार्थात दुसरे मूलद्रव्य किंचित मिसळल्यामुळे) सुधारणा' अशी शीर्षके लिहिली जातात.

म्हणून आमच्याकडे त्याच गुंडाळीच्या, लेप दिलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंनी दहा कोऱ्या चकत्या कापून सरासरी काढतात, वजन करताना पंखा आणि एसी बंद ठेवतात, आणि एका पदार्थाच्या किमान तीन सेल बनवल्याशिवाय आकडा वहीत शाईने लिहीत नाहीत. पहिले तीन आठवडे पेन्सिल चालते.

लेप किती जाड आहे, तेही आकड्यासोबत लिहिलेच पाहिजे. वरच्या उदाहरणात चौरस सेंटिमीटरला दीड मिलिग्रॅमही सक्रिय पदार्थ नाही. व्यापारी सेलमध्ये तो १० ते २० किंवा त्याहून अधिक असतो. पातळ लेपात आयनांना जवळून जायचे असते, म्हणून कोणताही पदार्थ चपळ दिसतो. 'पाच मिनिटांत चार्ज' अशी बातमी वाचताना आधी लेपाची जाडी शोधावी. ती दिलेली नसेल, तर बातमीची घडी घालून ठेवावी.

माझ्या सेलने ५०० चक्रे पूर्ण केली. पदार्थ टिकाऊ आहे असे म्हणता येईल का?

समोर काय होते त्यावर अवलंबून आहे. नव्या पदार्थाची पहिली चाचणी लिथियम धातूसमोर घेतात. तिला हाफ सेल म्हणतात. त्या धातूच्या चकतीत गरजेपेक्षा कित्येक पट लिथियम असते, त्यामुळे दर चक्रात थोडे वाया गेले तरी सावकाराच्या तिजोरीतून भरपाई होत राहते आणि आलेख सपाट दिसतो. खऱ्या बॅटरीत तिजोरी नसते. तेथे धन पदार्थातून जेवढे लिथियम निघाले, तेवढ्यावरच जन्मभर भागवायचे असते.

अशा वेळी पाहायचा आकडा म्हणजे कूलॉम कार्यक्षमता: जेवढा भार आत घातला त्यापैकी किती परत आला. ९९.९ टक्के ऐकायला छान वाटते, परंतु ०.९९९ ला स्वतःनेच हजार वेळा गुणले की ०.३७ उरतात, हजार चक्रांनंतर सदतीस टक्के. ९९.९९ टक्के असेल तर नव्वद उरतात. हजार चक्रांनंतर ८० टक्के हवे असतील, तर दर चक्राची सरासरी ९९.९७८ च्या आसपास लागते. म्हणजे निवाडा दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्थळी होतो, आणि साध्या चाचणीयंत्राची अचूकता तेथपर्यंत पोहोचतेच असे नाही. म्हणून प्रकल्पाच्या शेवटी, वेळ थोडा असला तरी, ग्रॅफाइट किंवा हार्ड कार्बन समोर ठेवून एक तरी पूर्ण सेल बनवावी असा आमचा आग्रह असतो. तिचा आलेख बहुधा वाईट येतो. तो वाईट आलेखही अहवालात द्यावा.

प्रकल्पाला किती वेळ धरावा?

चाचणी घाईला बधत नाही. दहा तासांत चार्ज आणि दहा तासांत डिस्चार्ज, ज्याला 'सी बाय १०' म्हणतात, अशा वेगाने एका चक्राला वीस तास लागतात. पन्नास चक्रांना जवळजवळ बेचाळीस दिवस. तेवढ्यात वीज गेली, संगणकाने स्वतःहून अपडेट घेऊन पुन्हा सुरू होण्याचे ठरवले, किंवा कोणी चाचणीयंत्राच्या चॅनेलची पिन सैल केली, तर पहिल्यापासून. तीन महिन्यांचा प्रकल्प असल्यास पदार्थ बनवण्यात तीन आठवड्यांपेक्षा अधिक घालवू नयेत. सहा महिने असल्यास पूर्ण सेलपर्यंत जाता येते.

तापमानाचीही नोंद ठेवावी. आमच्या एका जुन्या आलेखात क्षमता पाच दिवस हलकीशी वर चढते आणि पुन्हा खाली बसते. पाहुण्यांना तो नव्या पदार्थाचा गुण वाटतो. प्रत्यक्षात ती गणपतीची सुट्टी आहे, त्या वर्षी खोलीचा एसी बंद करून सगळे गावी गेले होते. आता चाचणी २५ अंशांच्या कपाटात चालते.

संगणकावरच पदार्थ शोधता येत नाही का?

काही अंशी येतो. विभव किती येईल, आयनाला कोणत्या वाटेने जाणे सोपे पडेल, स्फटिक मोडेल की टिकेल, याचे बरेच चांगले अंदाज गणिताने काढता येतात आणि शंभर उमेदवारांतून पाच निवडता येतात. स्लरी थिजेल की नाही, हे अजून तरी हातानेच कळते.

घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत काही करून पाहता येईल का?

मोबाइलची किंवा लॅपटॉपची सेल कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. फुगलेली असेल तर टोचूही नये. लिथियमचे काम घरी होत नाही. ज्यांना खरोखर हात लावून पाहायचे आहे, त्यांनी पाण्यातल्या झिंक-मँगनीज डायऑक्साइडच्या घटापासून सुरुवात करावी: झिंकचा पत्रा, ग्रॅफाइटच्या पट्टीवर मँगनीज डायऑक्साइडचा लेप, मधे टिपकागद, आणि झिंक सल्फेटचे द्रावण. त्याला ग्लव्हबॉक्स लागत नाही, तो पेट घेत नाही, आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली दहावी-बारावीचे विद्यार्थीही तो जोडू शकतात. दाब १.३ व्होल्टच्या आसपास मिळतो. हा घट चार्ज करता येतो, आणि काही चक्रांनी तो कसा व का बिघडतो हे पाहण्यातच त्याची खरी मजा आहे.

या क्षेत्रात येण्यासाठी काय शिकावे?

रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, धातुशास्त्र, रासायनिक अभियांत्रिकी, यांपैकी काहीही चालते. विद्युतरसायनाचा एक पेपर मनापासून केलेला असावा. पुढील संशोधनासाठी जवळच्या जवळ पवईची आयआयटी आणि माटुंग्याची १९३३ पासूनची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर आहेत, आणि केवळ विद्युतरसायनालाच वाहिलेली केंद्रीय संस्था तमिळनाडूतल्या कारैकुडीला आहे. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रगत सेल निर्मितीची योजना मंजूर केल्यापासून 'नोकऱ्या किती' हा प्रश्न पालक आधी विचारतात. कारखान्यांना लेपाचा आणि गुणवत्ता-चाचणीचा हात बसलेली माणसे हवी असतात. केवळ पदवी दाखवणाऱ्यापेक्षा ज्याने दोनशे कॉइन सेल स्वतः दाबल्या आहेत, त्याची मुलाखत वेगळी होते.

प्रयोगशाळा पाहायला येता येईल का?

येता येईल, आधी कळवून, आणि शक्यतो दुपारी, कारण सकाळी लेप ओढण्याचे काम चालते आणि दार उघडे राहिलेले चालत नाही. एका वेळी पाचपेक्षा अधिक जण येऊ नयेत. पायांत बंद बूट असावेत. ग्लव्हबॉक्समध्ये हात घालून पाहण्याची इच्छा सगळ्यांनाच असते आणि ती आम्ही पुरवतो. फक्त अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळ घरी ठेवून यावे आणि नखे कापलेली असावीत, कारण हातमोज्याला पडलेले टाचणीएवढे भोक सापडायला आम्हाला मागच्या वेळी दोन दिवस लागले होते.